सकाळचं विरजण

हर्षदीप पहिल्यांदा आमच्या दारात आला तो हातात रिकामी वाटी घेऊन. समोरच्या खोलीतला नवा भाडेकरू, वांकिडीहून आदिलाबादच्या शाळेत बदलून आलेला मास्तर.

"थोडं विरजण भेटन का?"

"दिवे लागले ना. आता आई देत नाही कोणाले. सकाळी या."

तो सकाळी आला. दुसऱ्या दिवशीही आला... तिसऱ्याही. "दही लागूनच नाही राह्यलं," म्हणायचा आणि वाटी सोडून माझ्याकडे पाहायचा. मीही चमचा जरा हळूच भरायची.

आमचं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, "वाटीभर मागता मागता पोरगीच नेली."

काल आमची लेक झाली — ऐनवेळी सिझर करून. मी आधी फार वाचून ठेवलं होतं. जन्मवाटेतून येताना बाळाला आईचे चांगले जंतू मिळतात. सिझरच्या बाळाला काही ठिकाणी तिथल्या ओलाव्यात भिजवलेल्या कापडानं पुसतात. मी तेच मागितलं. डॉक्टर सरोजिनींनी नकारार्थी मान हलवली.

"फायद्याबद्दल अजून वाद आहे, प्रगती. आणि त्या कापडातून एखादा आजारही जाऊ शकतो. छातीशी धर, दूध पाज."

त्या गेल्या. मी भिंतीकडे तोंड केलं. नर्सनं सांगितल्याप्रमाणे हर्षदीप शर्टाची बटणं उघडून लेकीला छातीशी घेऊन बसला होता.

"काऊन रडून राह्यली?"

"माझं विरजणच नाही लागलं तिले. तुमचं लागलं."

"माझं? खडूची भुकटी लागली असन."

मी हसले नाही. तो जवळ सरकला.

"एक सांगू? त्या दिवशी तू संध्याकाळी नाही दिलं, सकाळी दिलं. तरी दही लागलंच ना..."

"कुठं लागलं? तुमीच तर रोज म्हणत होते—"

त्याचे कान लाल झाले. "पहिल्याच दिवशी लागलं होतं. घट्ट."

"मंग दुसऱ्या दिवशी काऊन आले?"

"दह्यासाठी येत होतो असं कोण म्हटलं तुले?"

टाके ओढले जातील म्हणून मी हसू दाबलं... जमलं नाही. त्यानं लेकीला अलगद माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. तिनं तोंड इकडेतिकडे फिरवलं, शोधलं — आणि दूध ओढायला लागली.

"पाह्य," तो हळूच म्हणाला, "हिची सकाळ झाली."