आवाजाच्या पुढे जायचं नाही

बसा ना, असे जवळ बसा. दार उघडंच राहू द्या. हे सांगताना रस्त्यावरच्या माणसांचा आवाज कानावर आलेला मला बरा वाटतो.

मी नर्स आहे. नवरा आणि सात वर्षांची लेक परदेशात. त्याला तिथं आधी काम मिळालं, मग लेकीची शाळा म्हणून तिलाही नेलं. माझीही जागा तिथल्या इस्पितळात ठरली होती, फक्त इंग्रजीची परीक्षा आडवी आली. वाचन झालं, लेखन झालं, बोलण्यात तर मी कुणाला हार जात नाही. पण ऐकण्याच्या पेपरात दोनदा आपटले. तिसऱ्यांदा आपटले असते, तर ती जागा गेली असती आणि लेकीपासून आणखी वर्षभर लांब राहावं लागलं असतं. रोज तिचा फोन ठेवला की मी न्हाणीघरात जाऊन रडायचे. खोटं कशाला सांगू!

म्हणून सरांकडे शिकवणी लावली. सर निवृत्त शिक्षक. बोलायचे इतकं हळू की त्यांच्यासमोर बसलं की ऐकण्याचा सराव आपोआप व्हावा. दाताच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर त्यांची लांबट खोली होती. भिंतीला लागून लाकडी फळ्यांनी पाडलेले खण, प्रत्येक खणात टेप वाजवायचं एक यंत्र आणि कानाला लावायचे हेडफोन. त्यांच्या स्पंजला जुन्या घामाचा वास यायचा, आणि खालून दात कोरायच्या यंत्राचं घूंऽऽऽ घूंऽऽऽ. सकाळची पाळी संपवून मी दुपारी तिथं जायचे.

सरांची पद्धत साधी. कानात आवाज आला की तेच वाक्य ओठातल्या ओठात म्हणायचं, पण एक-दोन शब्द मागे राहून. शेळीमागून करडू चालतं तसं.

"आवाजाच्या पुढे जायचं नाही," सर म्हणायचे. "सिस्टर, तुम्ही पुढे पळता. ऐकत नाही, अंदाज बांधता."

खरंच होतं ते. वॉर्डात पेशंट नुसता "सिस्टर, जरा..." म्हणाला की त्याला उशी हवी, पाणी हवं की भांडं हवं, हे मला कळतं. त्याचं वाक्य मीच पुरं करते. वीस-वीस खाटा सांभाळायच्या तर तेवढा धीर कुणाला? पण तीच सवय परीक्षेत गळ्याशी आली होती.

एका दुपारी सगळे खण भरलेले होते. कोपऱ्यातला तेवढा रिकामा होता, तिथं बसले. टेपवर एक बाई भाडेकरूला खोली दाखवत होती. शांत, जरा वयस्क आवाज. खोलीला दोन खिडक्या आहेत, एक रस्त्याकडे उघडते, जिना लाकडी आहे. मी मागोमाग पुटपुटत होते. पाचेक मिनिटांनी ध्यानात आलं, की "अंगण" मी आधी म्हटलं आणि बाई नंतर. "गॅलरी" मी आधी, बाई नंतर.

वाटलं, चला, तयारी झाली! पण धडा तर नवा होता, सरांनी आजच लावलेला. मग मला पुढचं कसं ठाऊक?

आता दुसरी कुणी असती तर हेडफोन काढून घरी गेली असती. मला लहानपणापासून प्रत्येक झाकण उघडून बघायची खोड. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तसं. धड्यात कुठंच नसलेलं एक वाक्य मी मुद्दाम पुटपुटले, इंग्रजीतच : खिडकीत एक हिरवी बादली आहे.

दोन शब्द मागे राहून बाई शांतपणे म्हणाली, खिडकीत एक हिरवी बादली आहे.

मला चक्क हसू आलं. मी बादलीत मांजर बसवलं. बाईनं बसवलं. मांजराला चष्मा घातला. तिनंही घातला. शेजारच्या खणातली मुलगी माझ्याकडे वळून बघायला लागली. मग मी फळीकडे तोंड केलं आणि मराठीत विचारलं, "तुम्ही कोण?"

टेप फिरत होती. बाई गप्प. नुसता श्वास... हलका, दमेकऱ्याचा असतो तसा नाही, चांगला निरोगी. मग माझ्याच चालीत, माझाच हेल काढून, "तुम्ही कोण?"

मी ओठ घट्ट मिटले. पुढं काय होतं, हे बघायचंच होतं मला. मिटल्या ओठांआड एक वाक्य मनात आलं. लेकीची फार आठवण येते, एवढंच. मी ते उच्चारलं नव्हतं. पण हेडफोनमध्ये तो आवाज हळूच म्हणाला, "लेकीची... फार आठवण येते."

मी हेडफोन ओढून काढले आणि सरांना बोलावलं. त्यांनी तीच टेप कानाला लावली. बराच वेळ ऐकलं.

"यात बाई नाहीच, सिस्टर. पोहायच्या तलावाचा माणूस वेळा सांगतोय." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "पुढे गेला होतात?"

"थोडीशी..."

"या खणात परत बसू नका. सवय लागते."

"मला?"

सर हेडफोनची वायर गुंडाळत राहिले.

आता तुम्ही म्हणाल, तरी बसलीस? बसले! सर कवळी दाखवायला खाली डॉक्टरकडे गेले की मी कोपरा गाठायचे. उत्सुकता होतीच, पण दुसरंही होतं. त्या खणातून उठलं की जगातलं सगळं इंग्रजी मला स्वच्छ ऐकू यायचं. बातम्या, सिनेमे, काही म्हणा. ऐकू यायचं म्हणजे, पुढचा शब्द बोलणाऱ्याच्या आधी मला कळायचा. कोण सांगायचं, ते मी विचारलं नाही. अडला हरी असं झालं होतं माझं. लेकीकडे जायचं होतं.

परीक्षेला ओठ शिवल्यासारखे मिटून बसले. प्रत्येक उत्तर आवाजाच्या आधी आलं. निकाल लागला, ऐकण्यात पूर्ण गुण. मी खुर्चीतच बसल्या बसल्या नाचले. नवऱ्याला आधी कळवलं नाही. म्हटलं, लेकीला आपणच सांगू.

फोन लावला. तिनंच उचलला. मी "अगं ऐक" म्हणायला तोंड उघडलं, तोच ती ओरडली, "खरंच? पास झालीस?"

मी तोंड मिटलं. एक शब्द बोलले नाही, देवाशपथ.

"हं..." लेक पलीकडून म्हणत होती. "हो... मग?" आणि खदखदून हसली. "आई, मांजराला कुठं चष्मा असतो का!"

ते मांजर मी कुणाला सांगितलं नव्हतं.

"बाळा," मी कसंबसं म्हटलं, "कुणाशी बोलतेस?"

तिला ते ऐकू गेलंच नसावं. ती फोनपासून तोंड वळवून हाका मारत होती. "बाबा! बाबा, आई म्हणते ती खाली दारात उभी आहे!"

"दार उघडू नको!" मी ओरडले. "उघडू नको गं..." फोन तिनं तसाच टाकला होता. धावत गेलेली पावलं ऐकली. कडी ऐकली. मग लेकीचा आनंदाचा चीत्कार... आणि फोन कुणीतरी अलगद जागेवर ठेवला.

त्यानंतर किती फोन केले, विचारू नका. कुणी उचलेना. काल रात्री एकदाचा नवऱ्यानं उचलला. मी धाय मोकलून सांगितलं, परवाचं माझं विमान आहे, मी येते, तोवर लेकीला तुझ्याजवळच ठेव.

तो समजूत घातल्यासारखा हसला. म्हणाला, "अगं, काहीतरीच काय! आणि आतल्या खोलीतून फोन कसले करतेस?"