हिंदुरावांचा डावा पाय

आशियातला एकही संघ आता नुसत्या स्वतःच्या पायांवर खेळत नव्हता. जपानच्या आघाडीच्या खेळाडूच्या उजव्या पायात ओसाकाच्या कुणा आजोबांची किक होती. इराणच्या गोलरक्षकाच्या हातांत तबरीझच्या एका निवृत्त पोस्टमनची झेप होती. आणि भारताच्या रिनफेलाच्या डाव्या पायात कोण होतं? कोल्हापूरच्या रेणुका तालमीचे हिंदुराव सासने! पोरगा मिझोरामचा, ऐझॉलच्या डोंगरात वाढलेला. कोल्हापूर नकाशात कुठं आहे हेसुद्धा त्याला आधी ठाऊक नव्हतं. पण चेंडू डाव्या पायावर आला की तो अंगठा किंचित आत वळवून अशी काही फिरकी द्यायचा, की टीव्हीसमोर बसलेली रेणुका तालमीची जुनी माणसं ताडकन उठायची. "अरं, हे तर आपलं हिंदुराव!"

शास्त्रज्ञ या प्रकाराला 'गतिमुद्रा' म्हणत. लोक नुसतं 'ठसा' म्हणत. माणूस एकच हालचाल हजारो वेळा करतो तेव्हा त्याच्या लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या मुठीएवढ्या भागात, त्या हालचालीची वाट पडते. सायकल एकदा आली की आपण ती विसरत नाही, ते या वाटेमुळेच. पुण्याच्या डॉ. सुनेत्रा वाळिंबे यांनी ही वाट एका डोक्यातून वाचून दुसऱ्या डोक्यात पाडायची रीत बसवली होती. देणाऱ्यानं तारांचा टोप घालून चेंडू मारायचे. घेणाऱ्यानं तसाच टोप घालून सहा महिने रात्री झोपायचं, दिवसा सराव करायचा. देणारा म्हातारा असला तरी चालायचं, कारण गुडघे थकले तरी ती वाट शाबूत असते. प्रत्येक संघाला असे तीन ठसेकरी खेळाडू घ्यायची परवानगी होती.

आणि या ठशांच्या जोरावर भारत पहिल्यांदाच खेळून विश्वचषकाच्या दारात उभा होता! पात्रता फेरीचे दोनच सामने उरले होते. पहिला जॉर्डनशी.

तो सामना बघायला सगळं कोल्हापूर चौकातल्या मोठ्या पडद्यासमोर लोटलं होतं. इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींच्या नावानं खेळतात आणि माणूस तालमीत जन्मतो. घर बदलेल, नोकरी बदलेल, तालीम बदलणार नाही. रेणुका तालीम आणि गदाधर तालीम यांच्यामध्ये एक रस्ता होता आणि तीन पिढ्यांचं वैर होतं. भारताच्या संघातला सगळ्यात जास्त गोल करणारा संग्राम जरग हा गदाधरचा. त्यामुळे चौकाची डावी बाजू त्याच्या नावानं ओरडत होती आणि उजवी बाजू हिंदुरावांच्या पायाच्या नावानं. हिंदुराव स्वतः मधोमध खुर्ची टाकून, मिशा पिळत बसले होते.

शेवटची मिनिटं. गोलफलक कोरा. रिनफेलानं दोघांना चकवलं, चेंडू डाव्या पायावर घेतला. संग्राम गोलसमोर एकटा! गोलरक्षक भलत्याच कोपऱ्यात! संग्रामनं शीळ घातली. गदाधरचे खेळाडू चेंडू मागताना हाक मारत नाहीत, दोनदा तोकडी शीळ घालतात, दुसरी पहिलीपेक्षा चढी. ती शीळ वाजली आणि रिनफेलानं चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला.

सामना बरोबरीत सुटला. चौकात शिव्यांचा नुसता पाऊस पडला.

"ठसा कुणाचा? हिंदुरावाचा! दुसरं काय होणार?" गदाधरवाले ओरडले.

"पाय शहाणा हाय माझा!" हिंदुराव तितक्याच जोरात म्हणाले आणि उजवी बाजू खो खो हसली.

डॉ. वाळिंबे दुसऱ्याच दिवशी त्यांच्या दारात हजर झाल्या.

"या की बाई, बसा. च्या ठेवतो."

"चहा नंतर, अण्णा. आधी मला सांगा, कालचा पास का गेला नाही?"

"गेला की. बाहेर गेला."

"मी सगळे पात्रता सामने पुन्हा पाहिले. रिनफेलानं संग्रामला आजवर एकही पास दिलेला नाही. एकही!"

हिंदुरावांच्या मिशीत हसू फुटलं. "गुणाचं पोर हाय."

"कसलं गुणाचं! दोघं एका खोलीत राहतात, एका ताटात जेवतात. काल रात्रभर रडत होता तो." डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली. "चूक माझी आहे. मला वाटलं, मी तुमची किक वाचली. पण किकची वाट एकटी नसते. चेंडू कधी मारायचा, कुणाला द्यायचा, आणि जीव गेला तरी कुणाला द्यायचा नाही, हे सगळं त्याच वाटेला जोडलेलं असतं. ठसा घेतानाच्या तुमच्या जुन्या नोंदी मी तपासल्या. मैदानाबाहेर कुणी तरी गदाधरची शीळ घातली होती, आणि तुमचा पाय तुम्हाला न विचारता आडवा गेला होता. तेही रिनफेलात उतरलंय."

"मग त्या संग्रामला सांगा, शीळ बंद कर म्हणावं."

"सांगून थकले. खेळाच्या धुंदीत ती येतेच. त्याच्याही डोक्यात ती वाट आहे ना!"

"मग बसवा त्याला भाईर."

"आणि गोल कोण करणार? तुम्ही?"

संग्रामसारखा गोल करणारा देशात दुसरा नव्हता, हे हिंदुरावांना मनातल्या मनात मान्य होतं. तोंडानं म्हणायची गोष्ट वेगळी.

"पंधरवड्यानं ताश्कंदला उझबेकिस्तानशी शेवटचा सामना आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जिंकलो तर विश्वचषक, नाही तर घरी. नवा ठसा पडायला सहा महिने लागतात. पण जुन्यावर छोटी दुरुस्ती दोन-तीन रात्रींत चढते. फक्त ती आधी तुमच्या डोक्यात व्हायला हवी. गदाधरच्या मैदानावर या, त्यांची शीळ ऐका आणि तिच्यावर पास द्या."

"बाई," हिंदुराव उठलेच, "तो टोप आता तुमीच घाला डोस्क्यात."

त्यांचंही काही खोटं नव्हतं. तरुणपणी त्यांची महाराष्ट्राच्या संघात निवड झाली होती. तिथं शेजारी खेळणार गदाधरचा खाशाबा जरग, म्हणजे या संग्रामचा आजा. हिंदुरावांनी जर्सी परत केली होती. "त्याला पास द्यायचा? त्यापरीस म्हसरं राखीन," असं म्हणाले होते. पेठेत हा किस्सा आजही कौतुकानं सांगतात. पण त्या जर्सीच्या पुढं भारताची जर्सी होती, आणि ती आपण स्वतःच्या हातानं घालवली, हे दुःख हिंदुरावांनी कुणाला सांगितलं नव्हतं. रिनफेलाच्या पायात आपला पाय निळ्या रंगात धावताना बघून त्यांचा ऊर भरून यायचा, तो त्यामुळेच.

डॉक्टरांनी फोन लावून पुढं धरला. पडद्यावर रिनफेला होता, डोळे सुजलेला. संग्रामकडून शिकलेल्या मोडक्या मराठीत तो म्हणाला, "अण्णा, पाय माझं ऐकत नाही. तुमचं ऐकतो ना? त्याला सांगा की."

हिंदुरावांनी खुंटीवरची टोपी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गदाधरच्या मैदानाच्या भिंतीवर मुंगी शिरायला जागा नव्हती. एका बाजूला गदाधरवाले, दुसरीकडे रेणुकावाले, आणि हिंदुराव डोक्याला तारांचा टोप घालून मधे उभे. समोर खाशाबा, पांढऱ्या केसांचे, हाताची घडी घातलेले.

"आलास शेवटी," खाशाबा म्हणाले.

"तुझ्यासाठी न्हाई आलो. देशासाठी आलोय. घाल शीळ."

शीळ वाजली. हिंदुरावांनी मन घट्ट करून चेंडू मारला. चेंडू गटारात. पुन्हा शीळ. चेंडू भिंतीवर, एका पोराच्या डब्यावर. पुन्हा. पुन्हा. हिंदुराव घामाघूम झाले. "अरं जा की मेल्या सरळ!" असं स्वतःच्या पायाला शिव्या देऊ लागले. देशाची आठवण काढून झाली, आई रेणुकेची शपथ घालून झाली. पायाला देश कळत नव्हता आणि शपथही कळत नव्हती. दोन दिवस हाच खेळ चालला. भिंतीवरचे लोक पोट धरून हसत होते, आणि हिंदुरावांना मात्र आता खरोखर रडू येत होतं. तो पोरगा तिकडं वाट बघतोय, आणि आपला पाय आपल्याला भीक घालत नाही!

तिसऱ्या दिवशी डॉक्टर, शीळ वाजली की उसळणाऱ्या टोपाच्या आलेखाकडे बघता बघता एकदम उठल्या.

"अण्णा, गुदगुल्या स्वतःला करून बघा."

"आँ?"

"होत नाहीत ना? आपण स्वतः केलेल्या गोष्टीला मेंदू परकं मानत नाही. आवाजाचंही तसंच. शीळ खाशाबा घालतात तोवर ती शत्रूची आहे. ती तुम्ही घाला."

रेणुका तालमीच्या माणसानं गदाधरची शीळ घालायची? भिंतीवरून कुणी तरी ओरडलं, "अण्णा, नगा! तोंड बाटंल!"

हिंदुरावांनी भिंतीकडे पाहिलं. मग खाशाबांकडे. मग ओठ ओले केले आणि शीळ घातली. पहिली फुसकी निघाली. दुसरी मात्र खणखणीत, चढी, अगदी गदाधरची! त्याच दमात त्यांनी पाय फिरवला. चेंडू गवतावरून सापासारखा वळत गेला आणि खाशाबांच्या पायाशी अलगद थांबला.

"आयला!" खाशाबा म्हणाले. एवढंच म्हणाले आणि चेंडू परत हिंदुरावांकडे ढकलला.

मग दोघांनी मिळून शीळ घातली. पुढं पुढं एकट्या खाशाबांनी घातली. चेंडू जातच राहिला. आठवडाभरात आलेख सपाट झाला आणि डॉक्टर दुरुस्ती घेऊन विमानात बसल्या.

ताश्कंदच्या सामन्याला चौकात डावी-उजवी बाजू राहिलीच नव्हती. ज्याला जिथं जागा मिळाली तिथं तो उभा. दुरुस्ती रिनफेलाच्या डोक्यात चढवून पुण्याला परतलेल्या डॉक्टरही खास सामन्यासाठी आल्या होत्या. उझबेकिस्ताननं काय खेळ केला म्हणून सांगू! त्यांच्या बचावपटूंच्या पायात कुणाचा ठसा होता देव जाणे, भिंतच उभी केली होती त्यांनी. मध्यंतर झालं, ऐंशी मिनिटं झाली, गोल नाही. लोकांनी नखं कुरतडून संपवली. आणि मग रिनफेलाला डावीकडे चेंडू मिळाला. एक गेला, दुसरा गेला. गोलसमोर संग्राम! शीळ वाजली! रिनफेलाचा अंगठा किंचित आत वळला, आणि चेंडू, अहो, दोघांच्या मधून, दोरीनं ओढल्यासारखा संग्रामच्या पायाशी!

गोल!

पुढचं काही सांगायची सोय नाही. कुणी कुणाला उचललं, कुणाची चप्पल कुठं गेली, कशाचा पत्ता नव्हता. नाद खुळा! भारत विश्वचषकात! हलग्या कडाडल्या, गुलालाची पोतीच्या पोती रिकामी झाली, आणि रेणुकावाले व गदाधरवाले एकमेकांच्या गळ्यात पडून लहान पोरांसारखे रडले. हिंदुराव आणि खाशाबा एका कट्ट्यावर टेकले होते, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत लाल. खाशाबांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला होता.

"चाळीस वर्सं उशीर केलास लेका," खाशाबा म्हणाले.

"तू शीळच घाण घालायचास," हिंदुराव म्हणाले, आणि दोघं ठसका लागेपर्यंत हसले.

डॉक्टर गर्दीतून वाट काढत आल्या. कुणी तरी त्यांनाही गुलाल फासला होता, पण त्याखाली चेहरा पांढराफटक पडला होता. हातात फोन होता.

"काय झालं बाई? आजच्या दिवशी असं तोंड?"

"अण्णा, तुमचा पहिला ठसा आम्ही शाळांनाही दिला होता, आठवतं? देशभरच्या फुटबॉल शाळांना."

"व्हय की! चाळीस हजार पोरं माझ्या पायानं खेळत्यात म्हणं!" हिंदुराव खाशाबांकडे बघून ऐटीत म्हणाले.

"तो दुरुस्तीच्या आधीचा. दुरुस्ती फक्त रिनफेलाची झाली." डॉक्टर खाली बसल्या. "आत्ता इंफाळच्या शाळेतून फोन होता. नऊ-नऊ वर्षांचे दोन मित्र, रोज बरोबर घरी जाणारे. आज एक पुढं निघाला, म्हणून मागच्यानं त्याला थांबवायला शीळ घातली. दोनदा, दुसरी चढी, योगायोगानं गदाधरसारखीच. पुढच्याच्या पायात तुमचा ठसा. तो वळला, पळत आला आणि त्यानं मित्राच्या नडगीवर लाथ घातली. हाड मोडलं. तरी तो थांबेना, मोठ्यांनी ओढून काढला. का मारलंस विचारलं तर हमसून हमसून रडतोय. माहीत नाही म्हणतो. त्याला गदाधर माहीत नाही, कोल्हापूर माहीत नाही. आणि अण्णा, आशियात असे शेकडो ठसे वाटलेत आम्ही. बाकीच्या म्हाताऱ्यांच्या पायांना कुणाकुणाचा राग आहे, ते अजून कुणी पाहिलेलंसुद्धा नाही."

हलग्या वाजतच होत्या. हिंदुरावांच्या कपाळावर आठी पडली.

"पण त्यानं शीळ घालायची कशाला?" ते म्हणाले.

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. डॉक्टर त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. खाशाबांनी त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.