नांगराचं गाणं

मी पेपर फाडत होते आणि मागून कोणीतरी म्हणालं, "थांब, थांब... तो मधला परिच्छेद मला हवाय."

मी वळून पाहिलं. एका हातात काडीवर टोचलेले तीन फिशबॉल, त्यांचा रस मनगटावरून ओघळतोय, कान जरा जास्तच बाहेर आलेले. आणि पापण्या! मुलाला इतक्या लांब पापण्या द्यायचं काही कारण होतं का?

"हवाय? फ्रेम करून लावणारेस की काय?"

"नाही, वाचायचाय. तू इतक्या मन लावून फाडत होतीस... म्हटलं, असं काय आहे त्यात?"

मार्चमधला शनिवार होता, दुपारचे बारा. सिलाहिस थिएटरच्या भिंतीला टेकून आमची रांग नेहमीसारखी पुठ्ठे अंथरून बसली होती. उभ्याने बघायची तिकिटं प्रयोगाच्या आधी तासभर मिळतात. ती पन्नासच असतात आणि ती आपल्यालाच मिळायला हवी असतील तर दुपारभर मनिलाच्या उन्हात भाजून निघायची तयारी लागते. माझी असते. 'बांगकेरा' मी तीनदा पाहिलं होतं, हा चौथा प्रयोग.

'बांगकेरा' म्हणजे पासिग नदीवर नाव वल्हवणारी बाई. दोन सख्खे भाऊ तिच्यावर जीव टाकतात, आणि ती शेवटी दोघांनाही काठावर सोडून एकटीच वल्हवत निघून जाते. ते काम करते लुवाल्हाती सेरिन्यो. रांगेत सगळे तिला आते लुवा म्हणतात, मोठ्या बहिणीला म्हणावं तसं. रुंद खांदे, काळासावळा रंग, बसकं नाक. म्हणजे थोडक्यात... माझ्यासारखी. शाळेच्या नाटकात मला आजवर तीनदा झाडाचं काम मिळालंय. आते लुवाला पाहिल्यावर दुसऱ्याच दिवशी मी बाईंकडे जाऊन नाव दिलं, आणि झाड सोडून काहीही चालेल असं बजावून आले.

आणि तिच्याबद्दल हे असलं छापून यावं!

त्याने फाटके तुकडे जुळवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. लिहिणारे होते गोन्साल्वो तान्हुएको, तीस वर्षं नाटकांची परीक्षणं लिहिणारे, ज्यांच्या दोन ओळींनी नाटक तरतं नाहीतर बुडतं ते.

"'दोन भावांनी एकमेकांच्या जिवावर उठावं असा हा चेहरा नव्हे. सेरिन्योबाईंना पाहून त्यांच्या नावेत बसावंसं वाटत नाही, त्यांच्याकडून मासळी विकत घ्यावीशी वाटते.'"

तो चावता चावता थांबला. "हे... छापलं?"

"छापलं! अर्ध्या पानावर, फोटोसकट!"

"गाण्याबद्दल काय लिहिलंय?"

"गाण्याबद्दल? तिच्या आवाजाबद्दल एक शब्द असेल तर शपथ! पुढे वाच."

"'...आणि दुसऱ्या अंकातलं नावेच्या नांगराचं गाणं ही तर सहा मिनिटांची शिक्षा आहे.'"

"काय?" मी तुकडा हिसकावून घेतला. इतका वेळ मी पहिल्याच वाक्यावर एवढी पेटले होते की इथवर नीट पोचलेच नव्हते. "कुठलं नांगराचं गाणं? दुसऱ्या अंकात नांगराचं गाणंच नाहीये!"

त्याने आवंढा गिळला. मला वाटलं, फिशबॉलचा.

मी तिथल्या पालथ्या क्रेटवर चढले. वर्षभरापूर्वीची मी असते तर क्रेटच्या मागे लपले असते. "ऐका हो सगळे! तान्हुएको सरांनी नाटकात नसलेल्या गाण्याला नावं ठेवलीत! म्हातारा मध्यंतरात उठून घरी गेला आणि उरलेलं मनाने लिहिलं!"

रांगेत हास्याचा स्फोट झाला. टीटा बेंग, म्हणजे बेंगमावशी, आमच्या रांगेतल्या सगळ्यात जुन्या, घडीची खुर्ची घेऊन येणाऱ्या, त्यांनी तर दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. माझी मैत्रीण चेस्का फोन काढून चित्रीकरण करायला लागली.

मी खाली उतरले तेव्हा तो माझ्याकडे बघत होता.

"ए... एक सांगू?"

"सांग ना!"

त्याने रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुझ्या... गालाला शाई लागलीय."

आणि खिशातून रुमाल काढून दिला. इस्त्री केलेला! त्याचं नाव हासिंतो, म्हणजे सिंतो. नदीपलीकडच्या शाळेत, माझ्याच इयत्तेत. प्रयोगभर आम्ही मागच्या भिंतीला टेकून शेजारी शेजारी उभे होतो, आणि आते लुवाने शेवटच्या गाण्यात वल्हं उचललं तेव्हा त्याचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. स्टेजवरच्या नदीचा निळा उजेड त्याच्या त्या पापण्यांवर... असो. मी नाटकच बघत होते. बहुतेक वेळ.

मध्यंतरातच मी फोनवरून पोस्ट टाकली होती: "तान्हुएको सर, दुसरा अंक कसा वाटला? पाहिला असलात तर सांगा." खाली चेस्काचं चित्रीकरण. रविवार सकाळपर्यंत एकोणीस हजार लोकांनी ते पुढे पाठवलं. शाळेत दहावीची मुलं मला बघून "म्हातारा घरी गेला!" असं ओरडायला लागली. मी हवेतच होते.

आणि आठवडाभर सिंतोचे निरोप यायचे. 'जेवलीस का?' 'गणिताच्या सरांनी आज माझे कान पाहून विचारलं, वारा लागतो का.' मी लिहिलं, 'लागतो का?' तो म्हणाला, 'शनिवारपासून जरा जास्तच.' मी तो निरोप चेस्काला अकरा वेळा दाखवला.

गुरुवारी आलं: 'उद्या भेटशील? एक सांगायचंय. फोनवर नको.'

"सांगणार! सांगणार!" चेस्का बाकावर उड्या मारत होती. "केस मी करून देते. आणि हे लाव ओठांना. थोडंच लाव!"

शुक्रवारी साडेचार वाजता मी खाडीच्या कठड्यावर पोचले. खारा वारा, तापलेला दगड, आणि चेस्काने अर्धा तास खपून केलेले केस पाचव्या मिनिटाला तोंडात. सिंतो कागदात गुंडाळलेलं तुरोन, तळलेल्या केळ्याचं, घेऊन आला, गरम, वरचा गूळ अजून चिकट. ते त्याने माझ्या हातात दिलं.

"हिराया..."

"हं."

"रागावणार नाहीस ना?"

"बघू..." मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हटलं. अशा वेळी तिथेच बघतात.

"नांगराचं गाणं होतं."

मी मान वर केली. "...काय?"

"होतं ते गाणं. रंगीत तालमीला. बुधवारी, पहिल्या प्रयोगाच्या दोन दिवस आधी. आमची अख्खी शाळा नेली होती, आणि समीक्षकांनाही त्याच दिवशी बोलावतात. पुढच्या रांगेत तान्हुएको सर बसले होते, शेवटपर्यंत. मी पाहिलंय. परवा आमच्या बाईंनी चौकशी केली, दुसऱ्याच दिवशी गाणं कापलं म्हणे."

माझ्या हातातलं तुरोन गार व्हायला लागलं. आम्ही तिकिटं पहिल्या प्रयोगापासूनची काढतो. रंगीत तालीम आमच्यापैकी एकानेही पाहिलेली नव्हती. आणि एकोणीस हजार लोकांना मी सांगून बसले होते की म्हातारा घरी गेला.

"कसं होतं?" मी विचारलं. "गाणं."

"वाईट."

"म्हणून दाखव."

"इथे?"

"इथेच!"

त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणायला लागला, "'नांगरा रे नांगरा, चिखलात तू, चिखलात मी...'" आणि ते इतकं रडकं होतं, आणि तो इतक्या प्रामाणिकपणे म्हणत होता की मला हसू फुटलं. मग लगेच त्या हसण्याचाच राग आला.

"आणि हे तू आज सांगतोस? मी क्रेटवर उभी होते तेव्हा तोंडात फिशबॉल होता का?"

"होता," तो म्हणाला. "पण तो गिळला होता मी. अख्खी रांग टाळ्या वाजवत होती, तू अशी चमकत होतीस... आणि माझी-तुझी ओळख चार मिनिटांची. म्हटलं, पाचवं मिनिट तरी मिळू दे."

"गोड बोलू नकोस!"

"हिराया, ऐक. रविवारी त्यांचा स्तंभ असतो. ते उत्तर देणारच. गाण्याचं त्यांचं खरं निघालं की लोक म्हणतील, ही पोरगी खोटी, म्हणजे बाकीचंही खोटंच. आते लुवाच्या चेहऱ्याबद्दलचं ते वाक्य मग कोणाला आठवणार? तुझ्या एका चुकीआड ते सुटतील."

"तू नक्की कोणाच्या बाजूचा?"

"तुझ्या."

"असं असतं होय माझ्या बाजूचं असणं? चाललास तरी चालेल. आणि उद्या रांगेत दिसू नकोस!"

शेवटी मीच निघाले. जीपनीत बसल्यावर लक्षात आलं, तुरोन अजून हातातच होतं. रागारागाने खाल्लं. चांगलं होतं, त्याचाही राग आला.

चेस्का म्हणाली, "गप्प बस ना. कोणाला कळतंय? ती पोस्ट काढून टाक."

पण मला दिसत होती ती आते लुवा. पोस्ट काढून टाकली की तिच्या बाजूने बोलणारं सगळ्यात मोठं काहीतरी पुसलं जाणार. ठेवली, तर रविवारी तान्हुएको सर ती माझ्यासकट पुसणार. संध्याकाळी जेवायच्या आधी मी नव्या पोस्टमध्ये खरं काय ते लिहिलं. चार वेळा खोडलं, पाचव्यांदा पाठवलं.

शनिवारी रांगेत तेच मोठ्याने वाचायचं ठरवलं. क्रेट तोच होता, चढले मात्र सावकाश.

"मी चुकले," मी वाचलं. "नांगराचं गाणं रंगीत तालमीला होतं. तान्हुएको सर शेवटपर्यंत बसले होते. ते घरी गेले हे मी न विचारता बोलले. त्यांची माफी मागते."

एक मुलगा ओरडला, "मग आम्ही आठवडाभर उगाच हसलो?"

टीटा बेंग खुर्चीतूनच म्हणाल्या, "म्हणजे म्हातारा बरोबर होता म्हणायचा?"

"एका गाण्यापुरता!" माझा आवाज चिरकला, पण थांबला नाही. "गाणं वाईट होतं, त्यांनी वाईट म्हटलं, ते त्यांचं काम. पण चेहरा कापून दुसऱ्या दिवशी नवा बसवता येत नाही, टीटा! आणि मासळी विकणारी म्हणजे काय शिवी आहे? माझी आई नावोतासच्या बंदरावर मासळी विकते. माझे बाबा अठरा वर्षं रोज पहाटे तिच्यासाठी बर्फाची पेटी उचलायला आधी जाऊन उभे राहतात. तिच्यावर कोणी जीव टाकत नाही, हे सरांना कोणी सांगितलं? त्यांनी आते लुवाची माफी मागावी. मी माझी मागून झाले!"

टीटा बेंग उठल्या. त्या तिकीटखिडकी उघडल्याशिवाय कधी उठत नाहीत. त्यांनी शिट्टी मारली नाही, नुसत्या टाळ्या वाजवायला लागल्या, सावकाश. मग सगळी भिंत.

खाली उतरले तर चेस्काने फोन पुढे केला. माझ्या नव्या पोस्टखाली पहिलीच प्रतिक्रिया होती, त्याच्या खऱ्या नावाने, शाळेच्या नावासकट: 'हे मला आधीच्या शनिवारपासून माहीत होतं. मी घाबरून बोललो नाही. तिला हसायचं असेल तर आधी मला हसा.' खाली त्याच्या शाळेतल्या मुलांनी त्याला यथेच्छ धुतलेलं. कानांवरूनच चाळीस शेरे.

मी रांगभर बघितलं. नव्हता. दिसू नकोस म्हटलं की इतकं ऐकायचं असतं का?

रविवारी होता. रांगेच्या अगदी शेवटी, जिथून तिकीट मिळायची काही आशा नसते तिथे, हातात पेपर घेऊन. मी माझी जागा चेस्काला सांभाळायला देऊन मागे गेले. आम्ही दोघांनी एकच पान धरलं.

'एका शाळकरी मुलीने स्वतःची चूक आपण होऊन सांगितली,' तान्हुएको सरांनी लिहिलं होतं. 'त्यामुळे मला उत्तर म्हणून तयार करून ठेवलेले सहाशे शब्द टाकून द्यावे लागले. सेरिन्योबाईंविषयीचं ते वाक्य मी मागे घेतो. मला त्यांच्या आवाजाविषयी लिहायला हवं होतं. तो आवाज मोठा आहे.'

"मिळालं!" सिंतो ओरडला.

"काय मिळालं? माफीचा शब्द कुठाय? मासळीवाल्यांचं काय? मी संपादकांना पत्र लिहिणारे."

"लिही. या वेळी आधी मला दाखव."

"तुला का?"

"रंगीत तालीम समज." मग त्याने पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. उन्हात त्याचे कान आरपार लाल दिसत होते. "हिराया... अजून एक आहे. मला तू आवडतेस. खूप. म्हणजे... झालं, सांगितलं."

मला काय वाटलं ते मी लिहिणार नाही. चेस्का हे वाचणार आहे.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तू क्रेटवर चढलीस तेव्हापासून."

"म्हणजे गेल्याच्या गेल्या शनिवारपासून! आणि आज सांगतोस?" मी इतक्या मोठ्याने ओरडले की पुढची सगळी भिंत वळून बघायला लागली. "तुला प्रत्येक खरी गोष्ट सांगायला आठवडाच का लागतो रे?"

"तू... तू पण तर काही बोलली नाहीस."

"मी आत्ता बोलतेय ना!" असं म्हणून मी त्याचा हात धरला आणि त्याला ओढत रांगेच्या पुढे घेऊन गेले. आणि टीटा बेंगनी, ज्या कोणालाही मध्ये घुसू देत नाहीत, त्यांनी आपली खुर्ची एक वीतभर मागे सरकवली.