किल्ली कोण देणार?

"ऑटोमॅटिकच घेऊ. किल्लीचं नकोच! या घरात किल्ली द्यायची राहून जाते, माहितीये ना सगळ्यांना?"

धाकट्यानं हे बायकोकडे बघून म्हटलं, पण लागायचं तिथे ते बरोबर लागलं. टेबलाशी उभ्या असलेल्या ताईच्या हातातली मखमली कापडाची घडी क्षणभर तशीच राहिली... मग तिनं ती नीट घातली, चारही कोपरे जुळवले आणि आपण काही ऐकलंच नाही असा चेहरा केला. बावीस वर्षांच्या सरावानं हा चेहरा तिला आता सहज जमत होता.

टेबलावर दोन पेट्या उघड्या होत्या. दोन्हींत क्रोनोग्राफ, म्हणजे वेळ दाखवता दाखवता शर्यतही मोजणारी घड्याळं. बाजूचं वरचं बटण दाबलं की मधला लांब काटा पळू लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो. दोन्ही इतकी उंची की शोरूममध्ये ती हातमोजे घालूनच हाताळत. त्याच शोरूमच्या मागच्या खोलीत ताई डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करायची, म्हणून तर ती एका दिवसासाठी सही करून घरी आणता आली. फरक एवढाच, की पहिलं ऑटोमॅटिक होतं, मनगटाच्या हालचालीवर आपली स्प्रिंग आपणच गुंडाळून घेणारं. आणि दुसऱ्याला रोज सकाळी कोणीतरी आठवणीनं किल्ली द्यायला हवी.

घड्याळ घ्यायचं होतं नानांसाठी. नाना, ताईचे आणि धाकट्याचे वडील, खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. गेल्या वर्षीच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू नेली आणि वाचाही नेली. पोटासाठी त्यांनी कचेरीत कारकुनी केली, पण जीव सगळा मैदानात! तीस वर्षं प्रत्येक शर्यतीत अंतिम रेषेवर क्रोनोग्राफ घेऊन उभे राहायचे. त्यांच्या अंगठ्यावर मैदानाचा एवढा भरवसा, की "नानांनी दाबलं" म्हटलं की वाद संपला. येत्या रविवारी मैदानाच्या नव्या ट्रॅकला त्यांचं नाव देणार होते, आणि तिथली पहिली शर्यत नानांनी स्वतःच्या घड्याळावर मोजावी असा धाकट्याचा हट्ट होता. धाकटा आता त्याच मैदानावर मुलांना पळायला शिकवत असे.

"तिला विचार, ऑटोमॅटिकमध्ये काही खोट नाही ना?" तो बायकोला म्हणाला.

"अहो, ताई हातभर अंतरावर उभ्या आहेत. मी काय टेलिफोन आहे?"

"विचार म्हणतो ना!"

भावजयीनं कपाळाला हात लावला आणि ओशाळून ताईकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून ती या दोन भावंडांचे निरोप हातभर अंतरावरून पोचवत आली होती.

खोट...? ताईनं ऑटोमॅटिककडे पाहिलं. घड्याळाला खोट नव्हती, पण ऑटोमॅटिकला चालतं-बोलतं मनगट लागतं आणि नानांचे हात दिवसभर मांडीवर पडून असतात! उद्या दुपारपर्यंत ते घड्याळ मुकाट्यानं थांबेल, आणि रविवारी भर मैदानात नानांच्या हाती थांबलेलं घड्याळ येईल... हे सांगणं तिचं काम होतं. गिऱ्हाईक परकं असतं तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं. पण सांगितलं की दुसरं घड्याळ आलं, दुसरं आलं की किल्ली आली, आणि नानांना एका हातानं ती देता येणार नाही. मग कोण देणार? म्हणजे पुन्हा तोच विषय! नको. रविवारपर्यंत तरी घरात शांतता राहू दे. त्या दिवशी मैदानावर जाण्याआधी आपणच ते हलवून चालू करून ठेवू, कुणाला कळणारही नाही.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "ऑटोमॅटिकच घ्या."

स्वतःच्या कामात ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती. कामाबाहेर मात्र बोलली होती... एकदाच.

तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर, नाना आणि धाकटा, तिघांचं सगळं तीच बघायची. धाकट्याला मैदानावर सगळे 'सुसाट' म्हणत. त्याची एकच तक्रार असे. "ताई, शर्यतीत नाना माझ्याकडे बघतच नाहीत गं! रेषेवर नुसती छाती बघतात, तोंड कुणाचं आहे ते त्यांच्या गावीही नसतं." खरंच होतं ते. छाती रेषेवर आली की अंगठा दाबायचा, हा नानांचा धर्म. मुलगा असो की शत्रू.

राज्याच्या संघाच्या निवडीच्या दिवशी मैदानावर एकच घड्याळ होतं, नानांचं. त्याला रोज सकाळी किल्ली द्यायचं काम ताईचं होतं आणि त्या दिवशीही तिनं ती अडेपर्यंत दिली होती. वही घेऊन ती नानांच्या शेजारीच उभी होती. सुसाट शेवटच्या वळणावरून असा सुटला, की सगळं मैदान उठून उभं राहिलं! तो रेषेवर आला, रेषा ओलांडून गेला... आणि ताईनं पाहिलं, नानांचा अंगठा बटणावर तसाच होता. काटा पळतच होता. नाना छातीकडे बघत नव्हते. ते पोराच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचे डोळे भरून वाहत होते!

त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ताईनं विचार करायलाही वेळ घेतला नाही. झडप घालून तिनं घड्याळ मुठीत झाकलं आणि मोठ्यानं म्हणाली, "बंद पडलं! आज किल्ली द्यायचीच राहिली माझ्याकडून..."

दोन तासांनी त्याला पुन्हा पळवलं. पायांत त्राण कुठून असणार? दोन सेकंदांनी हुकला. तशी संधी पुन्हा आली नाही.

त्या संध्याकाळी नाना सगळं सांगायला निघाले होते. ताईनं त्यांचे पाय धरले. "तुमच्यावरचा त्याचा विश्वास उडाला तर तो मैदानावर पाय ठेवणार नाही, नाना! माझ्यावर रागवू दे. बहिणीवरचा राग किती दिवस टिकतो?" नाना गप्प बसले. दुसऱ्या दिवशी ते घड्याळ मैदानाच्या कार्यालयात ठेवून आले आणि पुन्हा कधी रेषेवर उभे राहिले नाहीत. धाकट्यानं वेगळं बिऱ्हाड केलं. नानांना भेटायला तो दर आठवड्याला येई, पण 'ताई' ही हाक त्याच्या तोंडून पुन्हा निघाली नाही. बहिणीवरचा राग बावीस वर्षं टिकला.

"ठरलं तर मग!" धाकट्यानं ऑटोमॅटिक उचलून नानांपुढे धरलं. "नाना, हे घ्या."

नानांनी मान हलवली. नाही.

"अहो, याचं काही करावंच लागत नाही!"

नानांनी डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर थाप मारली आणि दुसऱ्या पेटीकडे बोट केलं. पुन्हा थाप, पुन्हा बोट.

"त्याला रोज किल्ली द्यावी लागते, नाना. राहिली की संपलं! कुणाच्या भरवशावर घेता? हिच्या?" आणि मग इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. तो पहिल्यांदा सरळ तिच्याकडे वळला. "एवढंसं काम होतं तुझं! दोन बोटांचं! माझं अख्खं आयुष्य त्यावर होतं... एकदा तरी 'चुकलं' म्हणालीस?"

भावजयीनं तोंडाला पदर लावला.

"चुकलं माझं," ताई म्हणाली. "खरंच चुकलं. आता तरी..."

"न्हं!" नाना ओरडले. एवढा मोठा आवाज वर्षभरात त्यांच्यातून निघाला नव्हता. त्यांनी ताईला हातानं जवळ बोलावलं, किल्लीच्या घड्याळाकडे बोट केलं आणि दोन बोटं हवेत फिरवली.

"किल्ली दे म्हणतायत," भावजय हळूच म्हणाली.

ताईनं किल्ली दिली, अडेपर्यंत. नानांनी घड्याळ डाव्या तळहातात घेतलं, अंगठा बटणावर ठेवला आणि हनुवटीनं धाकट्याला दाराकडे जायची खूण केली.

"शर्यत लावायचीय होय?" धाकट्याचा राग जरा ओसरला. रविवारचा सराव असेल, असं त्याला वाटलं. तो दाराशी गेला. नानांनी बटण दाबलं आणि लांब काटा निघाला. धाकटा चार ढांगांत खोली ओलांडून आला, खुर्चीपुढे थांबला आणि जुन्या सवयीनं छाती पुढे काढून उभा राहिला.

नानांनी छातीकडे पाहिलं नाही. ते त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. बघता बघता त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या... अंगठा बटणावर तसाच. काटा पळतच राहिला.

"नाना, पोचलो मी," धाकटा हसून म्हणाला. "बटण दाबायचं राहिलं तुमचं..."

"नाना, नको!" ताई पुढे धावली आणि तिनं घड्याळावर मूठ झाकली.

धाकट्याचं हसू तिथेच विरलं. ही झडप, ही मूठ त्यानं एकदा पाहिली होती! धापा टाकत, रेषेपलीकडे गुडघ्यांवर हात टेकून पाहिली होती. तो त्या मुठीकडे बघत राहिला, मग नानांकडे, मग पुन्हा मुठीकडे.

नानांनी ताईचा हात हळूच बाजूला केला. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या. "म्... मी," ते म्हणाले. छातीवर हात आपटून पुन्हा म्हणाले, "मी!"



"त्या दिवशी तू किल्ली दिली होतीस," धाकटा म्हणाला.

ताईनं तोंड फिरवलं.

"ताई! दिली होतीस ना?"

त्या एका हाकेसरशी तिचा बांध फुटला. "दिली होती रे... अडेपर्यंत दिली होती!"

"मग इतकी वर्षं का नाही बोललीस?"

"तू मैदान सोडलं असतंस. आणि मला वाटलं, भाऊ रुसतातच बहिणीवर. दोन-चार महिने रुसशील..."

"बावीस वर्षं रुसतं का गं कुणी?" तो ओरडला, आणि ओरडता ओरडताच लहान मुलासारखा रडायला लागला. तिचे दोन्ही हात त्यानं आपल्या तोंडावर धरले. "मी तुला माणसांतून उठवलं, ताई... आणि आत्ताही तू 'चुकलं' म्हणालीस!"

बऱ्याच वेळानं तो नानांकडे वळला. नाना मान खाली घालून बसले होते, शिक्षेची वाट बघत असल्यासारखे. धाकट्याच्या जिवणीवर काहीतरी कडू येऊन गेलं, हे ताईला दिसलं. काही झालं तरी एक अख्खी धाव हरवली होती त्याची! मग तो खाली बसला.

"माझ्या तोंडाकडे बघत राहिलात म्हणून?" त्यानं विचारलं.

नानांनी मान डोलावली.

"किती वर्षं भांडलो मी त्यासाठी... आणि बघायला तोच दिवस मिळाला तुम्हाला!" त्यानं नानांच्या मांडीवर डोकं टेकलं. नानांचा डावा हात त्याच्या केसांतून फिरत राहिला. घड्याळ मांडीवर पडलं होतं आणि लांब काटा फिरत होता. तो थांबवायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

भावजयीनं डोळे पुसून ऑटोमॅटिकची पेटी बंद केली. "हे परत करा, ताई. आणि या टेलिफोनलाही आता सुट्टी द्या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारावरची घंटा वाजली. दारात धाकटा होता, मैदानावरून तसाच आलेला, बुटांना लाल माती. "किल्ली मी देणार," तो म्हणाला. "रोज. रविवारी काय, अन् त्यानंतर काय."

"अडलं की जोर करू नकोस हं," ताईनं शोरूममधल्या आवाजात बजावलं.

त्यानं जपून किल्ली दिली. कालचा काटा रात्रभर पळून अजून पळत होता. तो नानांसमोर छाती काढून उभा राहिला, त्यांचा उजवा, निर्जीव अंगठा आपल्या हातात घेतला आणि बटणावर ठेवून दाबला. काटा थांबला.

"पोचलो, नाना," तो म्हणाला. मग घड्याळ बहिणीपुढे धरलं. "ताई, किती भरली वेळ? बघ."

ताईनं घड्याळ डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"दिसत नाहीये रे... भिंग शोरूममध्येच राहिलं."

"बघा नाना, विसरलीच ना काहीतरी!" धाकटा म्हणाला, आणि ताई वाहत्या डोळ्यांनी इतकी हसली की घड्याळ त्यालाच धरावं लागलं.