मुलांना निळा

धडकेआधी पुतळ्यांच्या डोक्याला रंग फासायचं काम वांडाचं. मिशिगनमधल्या त्या प्रयोगशाळेत गाड्या मुद्दाम आदळायच्या आणि आतल्या पुतळ्याचं डोकं कुठे आपटलं, हे रंगाच्या ठशावरून कळायचं. मुलांना निळा, मोठ्यांना लाल, हा नियम तिनेच एकवीस वर्षांपूर्वी घातलेला.

त्या ऑक्टोबरात दारातल्या एअरबॅगांची चाचणी होती. सहा वर्षांच्या मुलाएवढा पुतळा मागच्या सीटवर, झोप लागल्यासारखा दाराला डोकं टेकवून बसवला. ही पिशवी पापणी लवायच्या आत फुगते. मूल ताठ बसलेलं असलं तर वाचवते. दाराला टेकलेलं असलं तर तीच त्याच्या मानेवर आदळते.

"तुझ्या टेससारखाच बसलाय की," कॅमेरेवाला कर्टिस म्हणाला. "घोरत नाही एवढंच."

वांडाला हसू आलं नाही. तिची नात टेस सहाच वर्षांची होती आणि रोज शाळेच्या वाटेवर अशीच उजव्या दाराला डोकं लावून पेंगायची. मागच्या दारांतही एअरबॅग असलेली ती गाडी वांडाने नातीच्याच काळजीपोटी घेतली होती.

चाचणी झाली. मानेला बसलेल्या माराचे आकडे आले, मर्यादेच्या कितीतरी वर.

"खरं मूल असतं तर?" वांडाने विचारलं.

कर्टिसने कॅमेऱ्याला झाकण लावलं आणि जेवायला निघून गेला.

रविवारी गाडी पुसताना तिला मागच्या उजव्या दारावर, आतल्या बाजूने, निळा डाग दिसला. अंड्याएवढा, टेसच्या कानाच्या उंचीवर. आपल्याच हाताचा लागला असेल म्हणून तिने तो पुसून टाकला. पण ती तर हात घासून, कपडे बदलूनच कामावरून निघायची.

सोमवारी तिने टेसची उंच बैठक डावीकडे हलवली.

"बुशा, मला माझी जागा हवी," टेस म्हणाली. पोलिश आज्यांना तिथे हीच हाक.

"आजपासून इकडे. आणि ताठ बसायचं, राणी."

"झोप आल्यावर ताठ कसं बसतात?"

वांडाने तिच्या पट्ट्याची कडी लावली.

मंगळवारी डाग डाव्या दारावर होता. उजवं दार स्वच्छ. तिने बोट लावलं तर रंग ओला निघाला, त्याला प्रयोगशाळेतल्या रंगाचाच मेणकट वास. तिने तोही पुसला आणि कामावर जाऊन थेट कर्टिसला गाठलं.

"माझ्या गाडीत शिरून चेष्टा केलीस का रे?"

"मला तीन पोरं आहेत, वांडा," तो हळू आवाजात म्हणाला. "याची चेष्टा करेन मी?"

त्याच संध्याकाळी तिने बैठक मधोमध बसवली आणि पट्टा गुडघ्याने दाबून आवळला. तिथून टेसचं डोकं कोणत्याच दाराला पोचत नव्हतं. बुधवारी दोन्ही दारं स्वच्छ. गुरुवारीही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं मनाशी म्हणत वांडा चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

शुक्रवारी सकाळी तिने चाक धरलं आणि डाव्या आरशात पाहायला मान वळवली.

डाग तिच्या स्वतःच्या खिडकीच्या कडेला होता. तिच्या कानाच्या उंचीवर.

लाल.

तिने फडकं उचललं. निळा जितक्यांदा पुसला होता, तितक्यांदा तो दुसरीकडे गेला होता. हा पुसला तर पुन्हा मागे, टेसकडे जाईल.

मधल्या आरशात टेस ताठ बसलेली दिसली. पट्टा खांद्यावर बरोबर होता.

वांडाने फडकं परत खणात ठेवलं. भीती वाटली, खूप वाटली. पण तिच्या आत कुठेतरी एक गाठ सुटलीही.

शाळेपर्यंत तिने गाडी गोगलगायीसारखी नेली. फाटकापाशी टेस उतरली आणि पापी घ्यायला खिडकीतून वाकली.

"बुशा, तुझ्या कानाला लाल लागलंय. पुसू?"

वांडा वाटभर खिडकीपासून वीतभर लांब बसली होती.

"नको," ती म्हणाली. "हात लावू नकोस त्याला. जा आत."

टेस दारातून दिसेनाशी होईपर्यंत ती थांबली. मग पट्टा एकदा ओढून पाहिला आणि गाडी रस्त्यावर घेतली.