बसून ऐकायचं गाणं

रोडा मॅकेकर्नला त्या दुपारी एकच काम उरकायचं होतं. एक जुनं लष्करी गाणं पियानोवर वाजवून टेप करायचं, की सुटली. पण सरळ काम सरळ झालं तर ते कॅनडातलं केप ब्रेटन कसलं! बाहेर गारा, आत हीटर बंद आणि वर डोक्याला ताप म्हणून बाबा.

लॉकी म्हातारा, तिचा बाप, आयुष्यभर पलटणीतला. पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. "जखम उसवली तर आमच्या हातात काही राहणार नाही," असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ऐकेल तर शपथ! घरी एकटं ठेवलं तर लाकडं फोडायला जायचा, म्हणून चाकाच्या खुर्चीत घालून रोडानं त्याला आपल्या कामावर, जुन्या कागदपत्रांच्या दप्तरखान्यात आणलं होतं. आता तो कोपऱ्यात, हनुवटी छातीवर टेकवून घोरत होता.

पहिल्या महायुद्धात ही इमारत म्हणजे जखमी सैनिकांचं इस्पितळ. नर्सांचे कागद, औषधांच्या नोंदी, वॉर्डात गायची देशभक्तीची गाणी, सगळं आता रोडाच्या ताब्यात होतं. हे गाणं एफी बर्चेलनं दिलेलं. तिची आई तेव्हा इथली मेट्रन, साऱ्या नर्सांची मुख्य. आणि एफीबाई आजही छत्री झटकत हजर!

"पोरी, शेवटचं कडवं तेवढं नको वाजवूस."

"आता हे काय नवीन?" रोडा वैतागली. "आधीच उशीर झालाय हो!"

"आईनं बंदी घातली होती. ते कडवं लागलं की पोरं ताडकन उभी राहायची. पोटाला टाके असलेलीसुद्धा. मग आई बसायची पुन्हा शिवत."

"एफीबाई, आता कोण येणार आहे इथे उभं राहायला?"

टेप सुरू करून रोडानं रागारागातच वाजवायला घेतलं. पियानो बेसूर, बोटं गारठलेली. शेवटचं कडवं आलं आणि मागे खाट करकरली. तिथे खाट नव्हतीच. मग दुसरी करकरली, तिसरी, आणि मग साऱ्या दालनभर. लाकडी जमिनीवर अनवाणी पावलं टेकत होती. जुन्या इस्पितळात जखमा धुवायला वापरायचे त्या कार्बोलिकचा उग्र वास नाकात शिरला.

तिनं वळून पाहिलं. बाबा ताठ उभा होता. चेहरा पांढराफटक, सदऱ्यावर लाल डाग पसरत चाललेला.

"बाबा! बसा ना!"

तिचे हात थांबले. गाणं थांबलं नाही. दबक्या पुरुषी आवाजांत ते पुढे चालूच राहिलं...

"सगळ्यांनाच सांग..." एफी भिंतीला चिकटून पुटपुटली. "एकट्याला नको... सगळ्यांना..."

"बसा!" रोडा किंचाळली. भीतीपेक्षा संतापच जास्त होता त्यात. "सगळे खाली बसा! काय जीव द्यायचाय का?"

करकर, करकर... आणि शांत. बाबा धपकन खुर्चीत कोसळला. रोडा बाहेरच्या खोलीतल्या फोनकडे धावली, तिच्यामागे एफी. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला, रस्ते गोठलेत, वेळ लागेल. त्याला चार शिव्या हासडून, रडत, ती परत आली.

बाबा जागा होता. कुरकुरतही होता.

"कुठे तडमडली होतीस? त्या नर्सबाईनं केलं सगळं. हात म्हणजे नुसता बर्फ! आणि तोंडाचा पट्टा काय! 'कितीदा सांगायचं, बसून ऐका म्हणून!' अगदी तुझ्यासारखी वसवसते."

"कुठली नर्स, बाबा?"

"ही काय इथे..." म्हणत त्यानं शेजारी बोट दाखवलं. तिथे कोणीच नव्हतं.

रोडानं त्याचा सदरा वर केला. डॉक्टरांनी लावलेल्या धातूच्या पिना त्याच्या मांडीवर काढून ठेवलेल्या होत्या. जखम काळ्या रेशमी दोऱ्यानं शिवलेली होती, एकसारखी, घट्ट. रक्ताचा थेंब नाही.

"देवा रे, वाचला..." एफी म्हणाली.

फक्त शेवटच्या टाक्याचा दोरा अजून कापलेला नव्हता. तो पोटापासून वर हवेत तिरका जात होता. रोडा बघत असतानाच तो हळूच ताणला गेला आणि बाबा कळवळला.