खिडकीतलं ऊन

"मी सुनेले विष देऊन राह्यली, असं माहा व्याही म्हणते," सुभद्राबाई म्हणाल्या.

गोपाळराव सरोद्यांचं पेन थांबलं. कारकुनीतून निवृत्त झाल्यापासून ते बुलढाण्यात पद्मजा खेडेकरांच्या तपासकामाची टिपणं ठेवत. विम्याच्या दाव्यांची चौकशी करण्यात पद्मजाबाईंची वीस वर्षं गेली होती. खोट्या सह्या, पळालेले नवरे असं गोपाळरावांनी पुष्कळ लिहिलं होतं, विष पहिल्यांदाच.

सून छाया सव्वीस वर्षांची. धामणगाव बढ्यात तिच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. दीड वर्षापासून तिची हाडं ठणकत होती आणि खाली बसली की हात टेकल्याशिवाय उठता येत नव्हतं. चैत्रात देऊळघाटला माहेरी दोन महिने राहिली आणि सुधारली. सासरी परतली आणि दिवाळीपर्यंत पुन्हा तेच. त्यातच तिचे वडील किसनराव यांना सुभद्राबाईंच्या फडताळात पांढऱ्या भुकटीची पुडी सापडली. शुक्रवारी ते पोलिसांत जाणार होते.

"पुडी कशाची?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"माहीच हाय," एवढंच बोलून सुभद्राबाई टेबल धरून सावकाश उठल्या.

गोपाळरावांच्या मनानं निकाल तिथंच दिला.

दुसऱ्या दिवशी दोघं धामणगावला पोचले. छाया मोठ्या काचेच्या खिडकीशी शिलाई मशीनवर होती. हातांवर लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या रस्त्यानं ट्रॅक्टर गेला, पण धूळ आत आली नाही. लोकांची कापडं खराब होतात म्हणून खिडकी उघडतच नाही, ती म्हणाली. घराबाहेर फारसं जाणं नव्हतंच. गेलीच तर तोंडाला स्कार्फ आणि लांब बाह्या. सासूविषयी विचारल्यावर तिनं मशीन पुन्हा सुरू केलं.

नवरा राम वावरातून आला. स्वयंपाक आईचाच, सगळे एकाच भांड्यातलं खातात, त्याला आणि वडिलांना कधी काही झालं नाही, असं त्यानं सांगितलं. आई तर एरवी उंबरा ओलांडत नाही, सुनेची देखभाल तीच करते.

किसनरावही आले होते. "माह्या घरी बरी होते, यांच्या घरी पडते. अजून काय पुरावा पाह्यजे?"

"तुमच्याकडे ती दिवसभर काय करायची?"

"कांदा काढायले येत होती आमच्यासंग."

गोपाळरावांना हा प्रश्न वायफळ वाटला. त्याहून नवल म्हणजे पद्मजाबाईंनी दोघी सासू-सुनांना डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासायला दिलं. आरोपीचं रक्त कशाला, हे त्यांना उमगेना.

गुरुवारी सगळे पुन्हा त्याच खोलीत जमले.

"विष कोणीच दिलं नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. "विष स्वयंपाकात असतं तर राम आणि त्याचे वडीलही पडले असते. फक्त छायालाच वेगळं दिलं असतं, तर सुभद्राबाई धडधाकट असत्या. पण माझ्याकडे आल्या तेव्हा त्या टेबल धरून उठल्या. छाया हात टेकून उठते तशाच. पुरुष ठणठणीत, बायका दोघी आजारी. फरक जेवणात नाही, दिवस कुठं जातो त्यात आहे."

"पण छाया तर उन्हातच बसते," गोपाळराव बोलून गेले.

"काचेमागे. ज्या किरणांनी अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, ते किरण काच अडवते. माहेरी ती उघड्या वावरात होती, म्हणून सुधारली. किसनराव, तुम्ही बरोबर तेच पाहिलंत, फक्त अर्थ दुसरा लावलात."

दोघींच्या अहवालांत ड जीवनसत्त्व फार कमी निघालं होतं. डॉक्टरांनी औषध सुरू केलं होतं.

"आणि पुडी?" किसनरावांचा आवाज खाली आला होता.

सुभद्राबाईंनी मान खाली घातली. गुडघ्यांसाठी वैद्याकडून आणलेली भुकटी होती ती. "पोरगी आजारी. त्यात मीबी कण्हली, तर तिनं कोणाकडं पाहावं?"

किसनराव उठले आणि हात जोडून विहिणीपुढं उभे राहिले. सुभद्राबाईंनी त्यांचे हात खाली केले आणि लेकीसाठी बापानं एवढं तरी करावंच, म्हणाल्या.

संक्रांतीनंतर छाया एकटीच बसनं बुलढाण्याला आली. चालणं अजून सावकाश होतं, पण खुर्चीतून ती सहज उठली-बसली. आता दोघी दुपारी परसात भाजी निवडतात, असं तिनं सांगितलं. मग ती पद्मजाबाईंकडे वळली.

"मॅडम, दुखणं मी सोसलं असतं. पण त्या चहा घेऊन आल्या की मी कपाकडं पाहत होती. मनात म्हणत होती, देवा, असं नसू दे. तुमच्यामुळं माही सासू मले परत भेटली."

गोपाळरावांनी टिपणवही मिटली. हे त्यांना लिहून घ्यावंसं वाटलं नाही.